नडगीवरचं बूच

मी बूच. रबराचं, करडं, तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढं. इंजेक्शनच्या बाटलीच्या तोंडाशी बसलेलं असतं ना, तेच. व्याकरणात मी नपुंसकलिंगी, 'ते बूच'. पण स्वतःबद्दल 'मी आलं, मी गेलं' म्हणायला मला कसंसंच होतं, म्हणून पुल्लिंगात बोलतो. तेवढं चालवून घ्या. तुम्ही माणसं एकमेकांचं याहून बरंच काही चालवून घेता.

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. गरम रबर साच्यात घातलं, वरून यंत्राने दाब दिला आणि एका ठोक्यात आम्ही तीनशे भावंडं जन्माला आलो. आम्हाला धुतलं, वाळवलं आणि पांढरी पूड भरलेल्या एकेका काचेच्या बाटलीवर नेऊन बसवलं. वरून पत्र्याची टोपी. काम एकच, तोंड बंद ठेवायचं. ते मी चोख केलं. माणसांना हेच काम किती जड जातं, ते मला पुढे कळलं.

मग एक दिवस दवाखान्यात टोपीचा पत्रा उचकटला गेला, माझ्या टाळूतून सुई आरपार गेली, औषध बाहेर आलं आणि माझी नोकरी संपली. रोगी बरा झाला तर औषधाला गुण आला म्हणतात. नाही झाला तर डॉक्टरांच्या हाताला गुण नाही म्हणतात. बुचाचं नाव दोन्हीकडे नाही.

रीतीप्रमाणे मी तिथूनच कचऱ्यात जायचो. पण त्या दवाखान्याच्या ड्रेसिंगच्या खोलीत एक सिस्टर होत्या. बावीस वर्षं त्या एकाच खोलीत काढलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. बाटली रिकामी झाली की त्या चिमट्याने बूच उपसून काढत, साबणाने घासत, स्टीलच्या डब्यात टाकत आणि तो डबा वाफेच्या यंत्रात ठेवत. नव्याने आलेल्या एका नर्सने विचारलं, "सिस्टर, ही भंगारं कशाला?"

"लागतात," सिस्टर म्हणाल्या. झालं स्पष्टीकरण.

कशाला लागतात ते मी सांगतो. पायाचं हाड मोडून कातडीबाहेर डोकावलं की जखम घाण झालेली असते, आत हाडाला धातूची पट्टी लावायची सोय नसते. मग डॉक्टर बाहेरूनच हाडात लोखंडी सळया बसवतात, दोन वर, दोन खाली, आणि त्या बाहेर एका दांड्याला आवळून टाकतात. पायाला मचाण बांधल्यासारखं. हाड बिचारं गप्प बसतं. कातडी कुठली बसायला? पाय हलला की ती सळईवर वर चढते, खाली उतरते, आणि दर वेळी सळईभोवतीची फट जरा उघडते. त्या फटीतून थेट हाडापर्यंत रस्ता. माणूस आपल्या घराला तीन कुलपं लावतो आणि हाडाचं दार असं सताड उघडं टाकून 'मी बरा आहे' म्हणून सगळ्यांना सांगत फिरतो.

त्या दाराची कडी म्हणजे मी. सिस्टर मला ब्लेडने कडेपासून मधोमध चिरत, सळईभोवती गॉझची जाळीदार पट्टी गुंडाळत आणि मग मला बाजूने सळईवर चढवून खाली सरकवत. गॉझ कातडीवर हलका दाबलेला राहायला हवा, म्हणजे कातडी जागची हलत नाही. जास्त दाबलं तर ती पांढरी पडते. कमी दाबलं तर मी शोभेचा. एवढंच माझं शास्त्र.

माझ्या वाट्याला आला टेलरबाईंचा उजवा पाय.

टेलरबाई बायकांचे कपडे शिवायच्या. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन, त्यातलं त्यांचं स्वतःचं पायाने चालवायचं. पंचवीस वर्षांत कितीजणांनी मोटर बसवून घ्या म्हणून सांगितलं. "मोटर नुसती धावते," त्या म्हणत, "शिवतो माझा पाय."

त्यांचे यजमान ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली की हे लांबून ओरडत, "क्लच! क्लच दाबा!" म्हणून अख्खा गाव त्यांना क्लचमास्तर म्हणायचा. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती. अशा माणसाच्या स्कूटरवर मागे बसण्याइतकं सुरक्षित दुसरं काय असणार? बाई कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन निर्धास्त बसल्या होत्या. चौकात मास्तरांचा एक जुना विद्यार्थी गाडी चुकीची वळवत होता. "हे बघ, हे बघ," म्हणत मास्तरांनी मान वळवली. मान परत सरळ होईपर्यंत स्कूटर दुभाजकावर चढली होती आणि बाईंची नडगी दोघांच्या मध्ये होती.

मास्तरांचं कोपर खरचटलं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर सांगत, "रस्त्यावर खडी होती." पोलिसांना खडी, डॉक्टरांना खडी, व्याह्यांना फोनवर खडी. त्यांनी सांगितलेली खडी एका जागी ओतली असती तर नवा रस्ता झाला असता. बाई ऐकत असत आणि छताकडे बघत असत.

सिस्टरांनी आम्हा चौघांना सळयांवर चढवलं, तेव्हा मास्तर उशाशी उभे होते. मी सगळ्यात खाली, घोट्याच्या चार बोटं वर.

"हे रबर कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"कातडी हलू नये म्हणून."

"पण मग जखमेला हवा कशी लागणार?"

सिस्टरांनी उत्तर देण्याआधी बाईंनीच मान उचलली. "अहो, मशीनच्या सुईशी तो छोटा पाय असतो ना, कापड दाबून धरणारा? तो वर ठेवून शिवलं तर सुईबरोबर कापडही वर येतं आणि टाका सुटतो. तसंच आहे हे. सुई वर-खाली झाली तरी कापड जागेवर हवं."

सिस्टरांचा हात थांबला. "बावीस वर्षं मी लोकांना समजावतेय. इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही."

"तुम्ही शिवत नाही ना," बाई म्हणाल्या.

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं होतं. मास्तरांनी मात्र मान हलवली ती अशी, की जणू विद्यार्थ्याने गाडी चालवली खरी पण आरसा बघितला नाही.

आठवड्याने आम्ही घरी आलो. बाईंनी पलंग पुढच्या खोलीतच टाकायला लावला, मशीनशेजारी. गिऱ्हाइकं माप द्यायला येत, आधी पायाकडे बघून 'अगंबाई' म्हणत आणि मग, "माझं तेवढं शनिवारपर्यंत होईल ना?" म्हणून विचारत. भेटायला येणारेही कमी नव्हते. एकाने सांगितलं पावडर टाका. दुसरा म्हणाला, छे, पावडर अजिबात नको, तेल लावा. एका बाईंनी आपल्या चुलतभावाचा पाय कसा गुडघ्यापासून कापावा लागला ते साग्रसंगीत सांगितलं, वर "तुम्ही मन खंबीर ठेवा हं," असं बजावलं आणि दुसरा कप चहा घेऊन गेल्या.

ड्रेसिंग बाई स्वतःच करत. पलंगावर बसून पुढे वाकायचं, जुना गॉझ काढायचा, सलाईनच्या पाण्याने पुसायचं, नवा गॉझ, वर आम्ही. मास्तरांचं काम वाटी धरायचं. वाटी ते तसूभर हलू देत नसत. नजर मात्र खिडकीबाहेर, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर. त्या तीन आठवड्यांत त्या टाकीचा त्यांनी जेवढा अभ्यास केला, तेवढा बांधणाऱ्यानेही केला नसेल. सळई कातडीत शिरते ती जागा त्यांनी एकदाही पाहिली नाही.

जे बघवत नाही त्याविषयी माणसं वाचतात. मास्तर दिवसभर फोनवर वाचत बसत. जगाच्या कुठल्या कोपऱ्यातल्या कुणी काय लावलं, काय नाही लावलं, सगळं त्यांना पाठ झालं. आणि इतकं वाचून त्यांचं मत पहिल्या दिवशी होतं तेच पक्कं झालं: हवा लागली पाहिजे.

एका दुपारी बाई गोळी घेऊन झोपल्या होत्या. मास्तर दबक्या पावलांनी आले. डोळे किलकिले करून, मान अर्धी फिरवून त्यांनी चाचपत आम्हाला एकेक करून सळयांवरून उपटलं. गॉझ नुसता वर ठेवला. आम्हाला शिलाईच्या बटणांच्या डबीत टाकलं. तिथल्या चार भोकांच्या एका बटणाने मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "तुला एकच भोक? आणि तेही फाटलेलं?" मी उत्तर दिलं नाही. तोंड बंद ठेवायचं शिक्षण कधीतरी असं कामी येतं.

जाग आल्यावर बाईंच्या लगेच लक्षात आलं. "अहो, रबरं कुठे गेली?"

"काढली मी. जरा मोकळं राहू दे."

"सिस्टरांनी सांगितलं होतं..."

"सिस्टर शिकल्या त्याला जमाना झाला. मी वाचलंय सगळं."

बाईंनी पाय थोडा हलवून बघितला. "हलकं वाटतंय खरं," त्या म्हणाल्या.

हलकं वाटतंय! चार आठवडे मी त्या पायाशी इमानेइतबारे बसलो होतो, त्याचं हे प्रशस्तिपत्र. पण त्यांना तरी काय दोष द्यायचा? दाब गेला की माणसाला बरंच वाटतं. कडी काढल्यावर दारही हलकंच उघडतं.

डबीचं झाकण उघडं असे, त्यामुळे पुढचं मला सगळं दिसलं. बाई वॉकर घेऊन पलंगापासून कापड कापायच्या टेबलापर्यंत जात, उभ्याने दोन कापडं कापत आणि परत येत. प्रत्येक पावलाला घोट्याजवळची कातडी सळईवर वर चढे, खाली येई. तिसऱ्या दिवशी खालच्या सळईपाशी चिकट पाणी आलं. "हवेने सुटतंय," मास्तर टाकीकडे बघत म्हणाले. चौथ्या दिवशी तिथली कातडी लाल आणि ताठ झाली. पाचव्या दिवशी सकाळी बाईंच्या हातातली कात्री थरथरायला लागली. अंगात सडकून ताप होता.

मास्तरांनी रिक्षा बोलावली. निघताना काय सुचलं कुणास ठाऊक, ती बटणांची डबी त्यांनी खिशात घातली.

डॉक्टरांनी गॉझ उचलला, खालची सळई दोन बोटांत धरली आणि बाईंच्या तोंडून जो आवाज आला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. पहिल्या दिवशीसुद्धा नाही.

"बुचं कुठे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काढली होती," मास्तर म्हणाले. "म्हटलं, जरा हवा..."

"हवा फुफ्फुसाला लागते, मास्तर. हाडाला नाही."

डॉक्टर बाईंशी बोलायला लागले. औषधं बदलून देतो, ड्रेसिंग रोज नीट झालं पाहिजे. आठ दिवसांत हे सुकलं तर ठीक. सळई ढिली पडली तर काढावी लागेल, आणि ऑपरेशन करून दुसरीकडे घालावी लागेल. मधल्या काळात हाड सरकलं तर पाय वाकडा जुळेल.

"वाकडा म्हणजे किती?" बाईंनी विचारलं. "पेडलवर सपाट टेकेल का?"

"आत्ता नाही सांगता येणार."

मग मास्तरांनी खिशातून डबी काढून सिस्टरांसमोर धरली. सिस्टरांनी बटणांतून आम्हाला वेचून काढलं. तिघंच सापडलो. चौथा डबी उचलताना घरंगळून घरी कपाटाखाली गेला होता, तो अजून तिथेच असेल, हवा खात.

"पुढच्या वेळी हवा द्यावीशी वाटली तर पंखा लावा," सिस्टर एवढंच म्हणाल्या आणि आम्हाला वाफेच्या यंत्रात घालायला घेऊन गेल्या. चौथ्याच्या जागी डब्यातलं एक नवं पोरगेलं बूच आलं. आम्हा तिघांना चढवणार तोच बाई म्हणाल्या, "सिस्टर, आज ह्यांना दाखवा कसं करायचं ते. उद्यापासून ड्रेसिंग हे करतील."

"मी?" मास्तरांचा चेहरा गॉझसारखा झाला. "अगं, मला सवय नाही."

"मलाही पाय मोडायची सवय नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी तीन वेळा हात धुतले. चौथ्यांदा धुवायला निघाले तेव्हा बाईंनी हाक मारली, "या आता. कातडी निघेल." ते पलंगाच्या कडेला बसले. मला सळईवर वर सरकवलं. ओला गॉझ उचलला. टाकी खिडकीत होती तिथेच होती, पण या वेळी त्यांच्या पाठीकडे.

त्यांनी पाहिलं. लोखंड कातडीत शिरतं ती जागा, तिच्याभोवतीची सूज, कडेला साचलेलं पिवळं पाणी. आणि सळईच्या मागे बायकोची नडगी, जिथे पूर्वी नुसती नडगी होती.

मी माणसांच्या हातांत बराच वावरलो आहे. सराईत हात, घाईचे हात, कंटाळलेले हात. एवढे शिकाऊ पहिल्यांदाच बघितले. पण सिस्टरांनी दाखवलं होतं तसं त्यांनी केलं. दोन बोटांनी कातडी धरून ठेवली, पाण्यात भिजवलेल्या गॉझने सळईभोवती हळू पुसलं, तो टाकला, दुसरा घेतला. बाईंनी दात आवळले. वापरलेले गॉझ एकेक करून वाटीत पडत राहिले.

"खडी नव्हती गं," मास्तर म्हणाले.

"हं."

"मी गाडी चालवत होतो आणि लक्ष नव्हतं माझं."

"माहीत आहे मला. मागेच तर बसले होते."

मास्तरांनी वर बघितलं. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या लोकांना इतकं रंगवून सांगत होता, मध्येच कसं बोलणार?" बाई म्हणाल्या. "ते बूच नीट बसवा. तिरकं झालंय."

त्यांनी मला सरळ केलं. डोळे पुसायला हात वर नेला, मग हात स्वच्छ आहेत हे आठवून बाहीने पुसले. हे मात्र मी कबूल करतो, त्या दिवशी माझ्या तोंडात कुठलीही खवचट गोष्ट आली नाही.

पुढच्या दिवसांत आली. कारण मास्तर आता तज्ज्ञ झाले. भेटायला येणारा दारात दिसला की, "आधी हात धुवा! तिथूनच बोला! श्वास सोडताना तोंड तिकडे!" पावडरवाल्याला त्यांनी कातडी, सळई आणि मी, या विषयावर पाऊण तास शिकवलं. बिचाऱ्याला औषधाच्या दुकानात जायचं होतं, तोवर ते बंद झालं. चुलतभावाच्या पायाची गोष्ट सांगणाऱ्या बाई परत आल्या, त्यांना चहासुद्धा मिळाला नाही. फोनवरचं वाचन थांबलं. पाणी किती आलं, रंग कसा होता, एवढंच ते रोज शिलाईच्या खडूने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवत.

पाचव्या दिवशी गॉझ जवळजवळ कोरडा निघाला. आठव्या दिवशी डॉक्टरांनी सळई धरून हलवली. ती हलली नाही. बाई ओरडल्या नाहीत. मास्तर मात्र सवयीने ओरडले, "हळू, डॉक्टर!"

त्यानंतर दोन महिने मी माझ्या जागी होतो. अधूनमधून मला उतरवत, वाफ देत, परत बसवत. रोज सकाळी मास्तर यायचे, मला वर सरकवायचे, खाली बघायचे, पुसायचे, मला बसवायचे. नवराबायको त्या वेळात काय काय बोलत. कुणाचा कपडा बिघडला, कोण विद्यार्थी तिसऱ्यांदा नापास झाला, घरात साखर आहे की नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली माणसं रोज सकाळी अर्धा तास एकमेकांसमोर बसतात आणि त्यासाठी आधी एकाचा पाय मोडावा लागतो. माणसांची रीतच न्यारी.

आज सळया काढल्या.

एक्स-रेमध्ये हाड सरळ जुळलेलं दिसलं. डॉक्टरांनी दांडा सोडवला आणि एकेक सळई उलटी फिरवत बाहेर काढली. चार छोटी भोकं राहिली. सिस्टर म्हणाल्या, आठवड्यात भरतील, आता काही दाबून ठेवायला नको. बाईंनी पाऊल जमिनीवर ठेवलं, टाच आणि बोटं दोन्ही, आणि तसंच ठेवून बघत राहिल्या.

आम्ही चौघं ट्रेमध्ये पडलो होतो. खोटं कशाला बोलू, माझी थोडी अपेक्षा होती. माणसं आठवण म्हणून काय काय जपून ठेवतात. काडेपेटीत, कापसावर, काचेच्या कपाटात. आणि मला तर या बाईंनी पहिल्या भेटीतच ओळखलं होतं.

"ह्यांचं आता काय करता?" बाईंनी विचारलं.

"टाकून देतो," सिस्टर म्हणाल्या. "वापरलेल्या गॉझबरोबर. लाल पिशवीत."

"द्या इकडे." त्यांनी ट्रे घेतला, पिशवीच्या तोंडाशी धरला आणि तिरका केला. झालं. रोज खोलीभर चिंध्या झाडून टाकणारी बाई ती. तिच्याकडून काडेपेटीची अपेक्षा करणारा मीच खुळा.

तर आता मी या पिशवीत आहे. गॉझ, हातमोजे आणि माझी तीन भावंडं. इथून पुढे भट्टी आहे म्हणतात, म्हणजे सुरुवातीला जसा गरम होतो तसाच शेवटी होणार. तक्रार नाही. एकच विनंती आहे, तीही तुम्हाला करून ठेवतो, कारण दुसरं कुणी ऐकायला नाही. तुमच्या माणसाला लागलं तर वाटी धरा, अवश्य धरा. पण बघा खाली.

सिस्टर पिशवीला गाठ मारताहेत. बाहेर व्हरांड्यात कुबडीचा टकटक आवाज येतोय, आणि मास्तरांचा.

"कुबडी आधी. हां. आता उजवा पाय पुढे. अगं, घाई नको, समोरून स्ट्रेचर येतंय. थोडं बाजूने घे. आणखी थोडं..."

"मी चालते आहे ना? तुम्ही आधी माझ्या वाटेतून बाजूला व्हा."

झाले की नाही ते मला कळलं नाही. गाठ बसली.